तेजवंशी दाजी आणि माझी मिठाची पिशवी

माझ्या जेवणाच्या टेबलावर दोन वर्षं एक डोंगर होता. पुठ्ठ्याचा, वरून हिरवा रंग दिलेला, मधोमध खिंड आणि शेंड्यावर काडेपेटीएवढा बुरूज. तो माझ्या मुलीने बनवला होता. मी, माझा नवरा आणि ती, असे आम्ही तिघं त्या डोंगराच्या पायथ्याशी ताटं टेकवून जेवायचो. "आमटी खिंडीत सांडू नका" हे त्या काळात आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा बोललं गेलेलं वाक्य असावं.

मुलगी दिवसा एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते. उरलेल्या वेळात ती हा खेळ रचत होती. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि सहा बैठका त्या पात्राच्या तोंडून बोलायचं. ती गोष्ट सांगणार, आपण त्या गोष्टीत काय करतो ते आपण सांगायचं, आणि ते जमलं की नाही हे फासे ठरवणार. गोष्ट साधी होती. खिंडीपलीकडच्या बुरुजातला दिवा विझला आहे, मुलूख अंधारात आहे, चौघांनी जाऊन तो पुन्हा लावायचा.

कॉलेज रोडवरच्या एका कॅफेत असे खेळ चालतात. तिथल्या मालकीणबाईंनी मुलीला तीन अटी सांगितल्या होत्या. एकाच गटाने सहाही बैठका पूर्ण करायच्या. शेवटची बैठक त्या स्वतः येऊन बघणार. आणि त्यानंतर चारही खेळाडूंनी चिठ्ठीवर 'परत खेळेन' असं लिहिलं, तर दर शनिवारी कॅफेतलं एक टेबल मुलीचं. एकाही चिठ्ठीवर 'नाही' आलं तर विषय संपला. मुलीला ते टेबल हवं होतं. मला माझं हवं होतं. आमचे हेतू इतके जुळल्याची दुसरी वेळ मला आठवत नाही.

चार खेळाडू जमवायचं काम मी हातात घेतलं. दोन तिच्याच ओळखीतले मिळाले. एक मैत्रीण, मूळची सुरगाण्याकडची, इथे एका दवाखान्यात नर्स आहे. दुसरा तिच्या ऑफिसातला मुलगा, जो आमच्या घरी सहाव्यांदा येतानाही फोनवर नकाशा लावून आला. तिसरी मी. मी अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते, मला रविवारी सुट्टी असते, आणि मी आधीच घरात असते.

चौथे दाजी. म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. त्यांची निफाडजवळ द्राक्षबाग आहे. आमच्या घरात सगळेच त्यांना दाजी म्हणतात. मुलगीही लहानपणापासून ऐकून तेच म्हणते. त्यांच्या एका दाढेने त्या वर्षी बंड केलं होतं आणि आमच्या गल्लीतल्या दाताच्या डॉक्टरांनी त्यांना सलग सहा रविवार सकाळी बोलावलं होतं. सहा दाढेच्या फेऱ्या, सहा बैठका. दाजी दवाखान्यातून गालावर हात धरून आमच्याकडे यायचे, मऊ भात खायचे आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत मोकळे असायचे.

आमच्या घरात दाजींचं स्थान काय आहे हे इथे सांगायला हवं. ते जावई आहेत. सासू-सासरे जाऊन वर्षं झाली, पण माझ्या नवऱ्याने ते खातं चालू ठेवलं आहे. घरात उशीची खुर्ची एकच आहे, ती दाजींची. पहिलं ताट दाजींचं. अधिक महिन्यात अनारसे दाजींचे, आणि पाक बिघडला तर तो माझा.

पहिल्या रविवारी मुलीने नियम वाचून दाखवला. या मुलखात जादू शिकता येत नाही, ती जन्माला येतानाच अंगात असते. खेळ सुरू होताना प्रत्येकाने दोन फासे टाकायचे, एक दशकाचा आणि एक एककाचा. जो आकडा येईल तो जन्माचा आकडा. नव्वदच्या वर आला तर तुम्ही तेजवंशी. तुमच्या रक्तात जादू. गडाचे दरवाजे तुम्हाला आपोआप उघडतात, धर्मशाळेत पलंग तुम्हाला मिळतो, ओझं तुम्ही उचलत नाही, लढाईत पहिला डाव तुमचा. बाकीच्यांनी आकड्याप्रमाणे मिळेल ते काम करायचं.

"आणि आकडा बदलता येत नाही," मुलगी म्हणाली. "एकदाच टाकायचा. तोच तर सगळ्या खेळाचा गाभा आहे."

"दाजी, आधी तुम्ही," माझा नवरा म्हणाला. तो खेळत नव्हता, पण पाहुणे आले की तो जिथे असेल तिथला यजमान असतो.

दाजींनी फासे टाकले. दशकाचा फासा गडगडत गेला, लोणच्याच्या बरणीला लागला आणि थांबला. आकडा आला बारा.

जावयाला बारा मिळालेले होते, आणि ते आमच्या घरात, आमच्या टेबलावर.

"बरणीला लागला," नवरा म्हणाला. "धरायचा नाही. दाजी, परत टाका."

"हो हो, बरणीला लागला," मीही म्हणाले. मुलीने तोंड उघडलं आणि मिटलं. दाजींनी परत टाकले. अठ्ठ्याण्णव.

त्यानंतर मी टाकले. माझाही फासा बरणीला लागला. आकडा आला सात. त्यावर कोणाचंच काही म्हणणं नव्हतं. सातवाल्यांना भांडारातलं काम असतं, म्हणजे शिधा, दोऱ्या आणि पिशव्या. मला गोष्टीतही स्टोअरच मिळालं. नर्स मैत्रिणीला बावीस मिळाले, ती मशालवाली झाली. नकाशावाल्याला एकतीस मिळाले, तो वाटाड्या झाला. इथून पुढे मी त्यांना तसंच म्हणणार आहे, कारण सहा रविवार आम्ही त्यांना तसंच म्हणत होतो.

मी वही उघडली आणि चौघांचे आकडे उतरवले. दाजींच्या पुढे लिहिलं: 'पहिला १२ (रद्द), दुसरा ९८.' खाडाखोड करण्यापेक्षा कंसात लिहिणं मला बरं वाटतं. मग सामानाची यादी केली. दोरी, तांदूळ, नागलीचं पीठ, घोंगड्या चार, पाण्याची कातडी पिशवी. चौदाव्या क्रमांकावर काडेपेटी. आम्ही सहलीला निघालो की काडेपेटी चौदावी असते, म्हणून इथेही ती चौदावी.

नियमांची वही चाळीस पानी होती. मला वाटतं ती अख्खी वाचणारी मी एकटीच. एकतिसाव्या पानावर लिहिलं होतं की तेजवंशी माणसाला प्रत्येक मंत्राला एक चिमूट मीठ लागतं. मीठ भांडारात असतं. मी पिशवीत चाळीस चिमट्या लिहून ठेवल्या.

तेजवंशी व्हायला दाजींना वेगळा सराव करावा लागला नाही. पहिल्याच मुक्कामाला ते म्हणाले, "माझं ओझं कोण घेतंय?" आणि वाटाड्याने मुकाट्याने घेतलं. धर्मशाळेत पलंग एकच होता, तो दाजींचा. आम्ही तिघं तबेल्यात. सकाळी उठून वाटाड्या वाट शोधायचा, मशालवाली उजेड धरायची, मी पेज करायची. दाजी पलंगावरून विचारायचे, "पेज लय घट्ट तर नाय ना केली, वहिनी? दाढ हाय माझी."

"दाजी, दाढ तुमची दुखतेय, पात्राची नाही," मुलगी म्हणायची.

"पात्र माझंच हाय ना?"

जादू ते अशी वापरायचे. अंघोळीचं पाणी तापवायला एक मंत्र. चहा निवला म्हणून परत तापवायला एक. डास आला म्हणून एक. धर्मशाळेच्या मालकावर छाप पाडायची म्हणून त्याच्या बैलाला तीन मिनिटं हवेत धरलं, त्याचा एक. मी वहीत एकेक रेघ मारत गेले. दुसऱ्या रविवारी मी सांगितलं, "दाजी, अठ्ठावीस चिमट्या उरल्यात." दाजी म्हणाले, "ते तुम्ही बघायचं वहिनी, तुमचं डिपार्टमेंट ते."

लढाई आली की पहिला डाव त्यांचा. त्यांच्या पहिल्या डावातच लढाई संपायची. आम्ही तिघं हातात फासे धरून बसलेलो असायचो. तिसऱ्या रविवारी वाटाड्याने लढाई चालू असताना डाळिंब सोललं, सगळे दाणे वाटीत काढले, आणि तरी त्याचा डाव आला नाही.

चौथ्या रविवारी निघताना मशालवाली दारात चपला घालत होती. "काकू, पुढच्या रविवारी माझी ड्यूटी आहे बहुतेक," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

"माझंही जरा बघावं लागेल," वाटाड्या म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नाही, म्हणून त्याने काय बघावं लागेल ते सांगितलंच नाही.

दार लागल्यावर मुलगी स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. दाजी हॉलमध्ये उशीवर मान टाकून घोरत होते.

"तिला रविवारी ड्यूटी नसते, आई. ते दोघं सोडतायत. दोन गेले की गट मोडला, आणि गट मोडला की कॅफेवाल्या बाई येणारच नाहीत."

"मग नियम बदल. दाजींना जरा कमी दे."

"नाही. नियम बरोबर आहे. जन्माने मिळालेल्या गोष्टींमुळे बाकीच्यांचं काय होतं ते लोकांना कळलं पाहिजे."

"कळलं ना. चार रविवार कळतंय. पण ते कळून घ्यायला परत पाचव्या रविवारी कोण येईल?"

तिने हॉलकडे पाहिलं. मग म्हणाली, "तू काहीतरी कर. पण दाजींना दुखवू नकोस. बाबा मला घरात ठेवणार नाहीत."

मी मंगळवारी कामावरून परत येताना मशालवालीच्या दवाखान्यात गेले. तिची सुट्टी झाली होती. आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेतला. मी वही काढली आणि विचारलं, "तुला खेळात काय काय आवडत नाही? क्रमाने सांग."

ती हसायला लागली. "काकू, मला मशाल धरायचा राग नाही. आमचं घराणंच ते आहे."

मग तिने सांगितलं. तिच्या गावाला बोहाडा असतो. लाकडी मुखवटे घालून देवांची सोंगं नाचवतात. कुठलं सोंग कुठल्या घराने घ्यायचं ते ठरलेलं. ज्या घरात जन्माला आलात, ते सोंग तुमचं. तिच्या घराकडे सोंग नाही, टेंभा आहे. सोंगाच्या पुढे मोठी मशाल धरून चालायचं.

"वाईट नाही वाटायचं?"

"लहानपणी वाटायचं. मला पण मुखवटा पाहिजे म्हणून रडायची मी. मग एका वर्षी बाबा रुसले. दर वर्षी आम्हाला सुपारी देऊन बोलवायची रीत आहे, त्या वर्षी ते लोक विसरले. बाबा म्हणाले, सुपारी आल्याशिवाय टेंभा निघणार नाही. सगळे देव अर्धा तास अंधारात उभे, काकू! कोणाला कोण दिसेना. शेवटी गणपती स्वतः आला आमच्या दारात, सोंड हातात धरून. म्हणाला, चल की बाबा."

"आणि सुपारी?"

"ती पण आणली होती. सोंडेतच."

मी वही मिटली. बाकीचं मला सुचलं. आमच्या कारखान्यात नट-बोल्ट असो की हातमोजे, पावतीवर सही झाल्याशिवाय स्टोअरच्या खिडकीतून काही बाहेर जात नाही. मोठे साहेब आले तरी नाही. त्यात कोणाचा अपमान नसतो. सही केली की ती वस्तू कोणीतरी दिली आणि कोणीतरी घेतली, एवढं मान्य होतं. मी तिला म्हटलं, "या रविवारी ये. आपण सुपारी मागू." वाटाड्यालाही फोन केला. तो म्हणाला, "काकू, मला डाव नको, फक्त 'हा रस्ता तू शोधलास' असं कोणीतरी म्हणावं." पंचवीस वर्षांचा माणूस हे बोलला आणि मला त्याला डाळिंब द्यावंसं वाटलं.

पाचव्या रविवारी दाजी दवाखान्यातून आले, भात खाल्ला, उशीच्या खुर्चीत बसले. मुलीने गोष्ट सुरू केली. खिंडीच्या तोंडाशी सकाळ झाली होती.

"पेज आणा," दाजी म्हणाले.

मी त्यांच्यापुढे पावती ठेवली. घरच्या प्रिंटरवर छापली होती. 'वस्तू: पेज. देणार: भांडार. घेणार: ______.'

"हे काय?"

"सही करा, मग पेज."

"जावयाकडनं सही घेता, वहिनी?"

"इथे तुम्ही जावई नाही, दाजी. तेजवंशी आहात."

"मग तर अजिबातच नाय!" दाजी मशालवालीकडे वळले. "पोरी, तू उजेड धर, निघू आपण."

मशालवालीने तिची पावती पुढे सरकवली. वाटाड्याने त्याची. दाजींनी तिन्ही पावत्या एकावर एक ठेवल्या, त्यावर चष्म्याची डबी ठेवली आणि हाताची घडी घातली.

"माझ्या रक्तात जादू हाय," ते म्हणाले. "मला गरज नाय कोणाची."

आणि मग दाजींनी त्या दिवशी सगळं स्वतः केलं. पेज जादूने केली. पातळ झाली म्हणून परत केली. उजेड जादूने. वाट जादूने, ती चुकली, परत जादूने शोधली, परत चुकली. वाटाड्याला खरी वाट माहीत होती. तो पावती हातात घेऊन मागून चालत होता. मी रेघा मारत होते. घोंगडी वाळवायला, बूट न काढता आतला खडा बाहेर काढायला, आम्ही हसलो म्हणून आम्हाला गप्प करायला. तो शेवटचा मंत्र फसला, कारण मशालवालीचं हसू थांबेना. चार रविवारांत जेवढं हसलो नव्हतो तेवढं त्या एका दुपारी हसलो. दाजीसुद्धा एकदा गालावर हात धरून हसले आणि "आई गं, दाढ" म्हणाले. निघताना मशालवालीने ड्यूटीचं नाव काढलं नाही.

मला वाटलं, काम झालं. वही मिटताना मी बेरीज केली. चाळीसपैकी एकोणचाळीस चिमट्या संपल्या होत्या.

"दाजी, एकच चिमूट उरली आहे. ती बुरुजातल्या दिव्यासाठी राखून ठेवा."

"ध्यानात हाय," दाजी म्हणाले.

सहाव्या रविवारी कॅफेवाल्या बाई बरोबर वेळेवर आल्या. मुलीने त्यांच्यासाठी टेबलाच्या टोकाला खुर्ची ठेवली होती. तिने पाण्याचा पेला डोंगरावर ठेवला आणि लगेच उचलला. दाजींनी बाईंकडे पाहिलं. पाहुणी आलेली, आणि घरचा मानाचा माणूस आपण. ते अर्धवट उठले, हात वर केला आणि म्हणाले, "बाईंचं स्वागत! आकाशातनं फुलं पाडतो!"

"दाजी!" आम्ही तिघं ओरडलो.

फुलं पडली. नियमाने पडायलाच हवी होती. मी चाळिसावी रेघ मारली. बाई म्हणाल्या, "अय्या, किती छान." त्यांना काय माहीत.

मग बाईंसमोर वाद नको म्हणून पावत्या तशाच ठेवून आम्ही खिंड चढलो. वर वारा होता, मशाल विझली. बुरुजाशी पोचलो. जिना मोडलेला, दिवा दोन पुरुष उंचीवर.

"आता दाजी खालूनच दिवा लावतील," मुलगी म्हणाली. गोष्टीचा शेवट तिने तसाच कल्पिलेला होता.

"मीठ नाही," मी म्हणाले.

"अजिबात?"

"शून्य."

मुलीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच खाल्लं. "आई, तुझ्या त्या पावत्यांनी वाट लावली. त्यांनी सह्या केल्या नाहीत म्हणून तर मीठ संपलं ना!" हे खरं होतं. मी वहीतली बेरीज परत केली, पण ती तेवढीच आली.

दाजी उठले, स्वयंपाकघरात गेले आणि आमची मिठाची बरणी घेऊन आले. ती त्यांनी डोंगराच्या पायथ्याशी ठेवली.

"दाजी, ते खरं मीठ आहे," मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली.

"मग खरं तर जास्तच चालायला पायजे!"

कॅफेवाल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "तेजवंशी कामाला येत नसेल तर त्याचा आकडा बदलता येत नाही का?"

"नाही," मुलगी म्हणाली. "एकदाच टाकायचा. पाच रविवार आम्ही तोच नियम पाळतोय. तोच गाभा आहे."

मशालवालीने लोणच्याच्या बरणीकडे पाहिलं. वाटाड्याने पाहिलं. मी पाहिलं. नवरा खिडकीबाहेर पाहू लागला. बाईंना आमच्यात काय चाललंय ते कळेना.

दाजींनी गालावरचा हात काढला.

"एकदाच टाकायचा व्हता?" ते म्हणाले. "पोरी, माझा दोनदा टाकला. वहिनी, पहिला किती व्हता?"

मी वही उघडली. "बारा. बरणीला लागल्यामुळे रद्द."

"रद्द कोणी केला?" बाईंनी विचारलं.

नवरा खोकला. "आमच्याकडे तशी पद्धत... म्हणजे ते जावई आहेत."

"काकूंचाही बरणीला लागला होता," वाटाड्या म्हणाला. सहा रविवार तो हे पोटात धरून होता.

"हो," मी म्हटलं. "नोंद आहे."

बाईंनी तोंडावर रुमाल धरला. त्यांचे खांदे हलत होते. दाजी मुलीकडे वळले. "मग मी बारा. मला कधीच जादू नव्हती म्हण. बारावाला काय करतो ते सांग."

मुलीने डोळे पुसले आणि नियमांची वही चाळली. स्वतःच लिहिलेलं पान तिला सापडेना. मी सांगितलं, अकरावं. तिने वाचलं, "बारा. ओझेकरी. एका माणसाचं वजन पाठीवर घेऊ शकतो."

दाजींनी बुरुजाकडे पाहिलं, मग मशालवालीकडे. "चढ माझ्या खांद्यावर."

"पण मशाल विझलीय, दाजी."

मी यादीवर बोट ठेवलं. "चौदा नंबर. काडेपेटी."

मुलगी आम्हा सगळ्यांकडे बघत राहिली. मग शेवटच्या पानावर गेली आणि हळूच वाचलं, "'दिवा लागला पाहिजे.'" ती थांबली. "कोणी आणि कसा ते मी लिहिलेलंच नाही. माझं मीच धरून चालले होते की तो तेजवंशीच लावणार."

"थांबा," दाजी म्हणाले, आणि खिशातून पेन काढलं. "आधी सही." त्यांनी 'वस्तू: काडेपेटी' लिहून सही केली. मशालवालीच्या पावतीवर केली. वाटाड्याच्या पावतीवर 'हा रस्ता तू शोधलास' असं लिहून त्याखाली केली. ते वाक्य त्यांना मी सांगितलं नव्हतं. पाचव्या रविवारी वाटाड्याने पावतीवरच छापून घेतलं होतं, आणि दाजींनी ते गिरवलं.

"पेलायला पन्नासच्या वर लागेल," मुलगी म्हणाली. नवऱ्याने लोणच्याची बरणी गुपचूप टेबलाखाली ठेवली.

दाजींनी फासे टाकले. दशकाचा फासा गडगडत गेला आणि त्यांनीच आणलेल्या मिठाच्या बरणीला लागला. त्रेपन्न.

"बरणीला लागला, पर..." नवऱ्याच्या तोंडून सवयीने निघालं.

"नाही!" आम्ही पाच जण ओरडलो. पाचवा आवाज कॅफेवाल्या बाईंचा होता.

मशालवाली दाजींच्या खांद्यावर चढली आणि दिवा लागला.

चिठ्ठ्या बाईंनी तिथेच उघडल्या. मशालवालीने लिहिलं होतं, 'परत खेळेन.' वाटाड्याने तेच, खाली दोन रेघा मारून. मी लिहिलं, 'परत खेळेन, पण तुमच्या टेबलावर.' दाजींची चिठ्ठी बाईंनी मोठ्याने वाचली: 'परत खेळेन. फासा एकदाच देणे.' शनिवारचं टेबल मुलीला मिळालं. तिने त्याच संध्याकाळी नियमांच्या पहिल्या पानावर एक ओळ वाढवली: 'आकडा एकदाच टाकायचा. पाहुणा असला तरी.'

त्या दिवशी बाई गेल्यावर आम्ही उशिरा जेवायला बसलो; दाजींची संध्याकाळची गाडी केव्हाच चुकली होती. डोंगर पहिल्यांदाच कपाटावर होता. दाढेचं काम सकाळीच संपलं होतं, त्यामुळे दाजींना भाकरी चालणार होती. नवऱ्याने उशीची खुर्ची ओढली. दाजींनी हात आडवा केला.

"नाय. मी बारावाला. मला स्टूल द्या."

आम्ही स्टूल दिलं. पहिलं ताट मशालवालीला दिलं. दाजी ताठ बसून जेवले, बघण्यासारखे. एक भाकरी झाली. दुसरी निम्मी झाली. मग ते एका बाजूला कलले, मग दुसऱ्या. मग माझ्याकडे वाकून हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, ते पात्राचं ठीक हाय. पण कंबर माझी हाय."

मी ओट्यावरची वही घेतली, एक पान फाडून त्यावर पावती लिहिली आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. 'वस्तू: उशी, एक.'

दाजींनी डाव्या हाताने सही केली, कारण उजव्याला पिठलं लागलेलं होतं.